वाचकांचे प्रश्न : सहा शहरे आणि रिकामी तिजोरी

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. रात्री लाइन असली की ‘सिव्हिलायझेशन ५’ हा शहरे वसवून राज्य वाढवण्याचा संगणकावरील खेळ खेळतो. माझी सहा शहरे असून यादीत नवी इमारत दिसली की ती मी सगळीकडे बांधतो. आता दर टर्नला (खेळातील प्रत्येक पाळीला) चार गोल्डचा तोटा होत आहे. परवा बाबांनी स्क्रीनकडे पाहून विचारले, “पैसा नाही अन् बांधूनच राहिला का?” कोणती इमारत बांधावी, हे कसे ठरवावे? सर्वांत लहान शहर तीन लोकवस्तीचे आहे आणि सहाही शहरांत बराकी आहेत.
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : तुमच्या वडिलांनी नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले आहे. या खेळात इमारतीची किंमत दोनदा मोजावी लागते : एकदा बांधताना प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे शहराच्या कामाच्या ताकदीत, आणि त्यानंतर बहुतेक इमारतींसाठी दर टर्नला देखभालीच्या गोल्डमध्ये. यादीत पहिला आकडा ठळक दिसतो, दुसऱ्याकडे सहसा लक्ष जात नाही. तिजोरी शून्यावर आली आणि तोटा चालूच राहिला, तर त्याची कात्री थेट सायन्सला, म्हणजे नवे शोध लागण्याच्या वेगाला, लागते.

लायब्ररीचे उदाहरण घेऊ. साधारण वेगाच्या डावात तिला ७५ प्रॉडक्शन लागते, देखभाल एक गोल्ड आणि दर दोन नागरिकांमागे एक सायन्स मिळते. बारा लोकवस्तीच्या राजधानीत तीच इमारत सहा सायन्स देते. तुमच्या तीन लोकवस्तीच्या शहरात जेमतेम एक. ते शहर टर्नला पाच प्रॉडक्शन काढत असेल, तर त्या एका सायन्ससाठी त्याचे पंधरा टर्न खर्ची पडतात. त्याऐवजी तेथे आधी ग्रॅनरी (धान्याचे कोठार) घ्यावी. ६० प्रॉडक्शनमध्ये दोन फूड मिळते, म्हणजे एका नागरिकाचे पोट भरते आणि शिवारात गहू असेल तर आणखी भर पडते. वस्ती वाढली की लायब्ररीचे मोल आपोआप वाढते. याला अपवाद नॅशनल कॉलेज या सायन्स वाढवणाऱ्या खास इमारतीचा : ते उभारण्यासाठी प्रत्येक शहरात लायब्ररी असावीच लागते, त्यामुळे ते हवे असेल तर लहान शहरातही ती तोट्यात का होईना, बांधावी लागेल.

ॲक्विडक्टबाबत (शहराला पाणी आणणारा पाट) फसगत होते. शहर वाढल्यावर साठलेल्या फूडपैकी ४० टक्के तो राखून ठेवतो, पण ज्या शहरात फूड शिल्लकच पडत नाही तेथे राखणार काय? युनिव्हर्सिटीचेही तसेच आहे. तिच्यातील शास्त्रज्ञांच्या दोन जागा मोलाच्या आहेत, मात्र तेथे बसवलेला नागरिक शेत कसत नाही आणि खातो मात्र इतरांइतकेच. म्हणून भरल्या घरालाच ती परवडते.

मॉन्युमेंट या संस्कृती (कल्चर) देणाऱ्या इमारतीसाठी थोडा धीर धरावा. ट्रॅडिशन या धोरणांच्या गटातील लीगलिझम हे धोरण घेतल्यास पहिल्या चार शहरांत संस्कृतीची इमारत फुकट मिळते, आणि ते लवकर घेणार असाल तर तेथे प्रॉडक्शन का घालवावे? मार्केटला देखभाल खर्च नाही, त्यामुळे तुमच्या परिस्थितीत मोठ्या शहरांत ते आधी घेणे योग्य.

राहिल्या बराकी. (मीही एका डावात पाच शहरांत त्या बांधल्या आणि सैन्य मात्र एकाच शहरातून काढले.) बराक नव्या सैनिकाला १५ अनुभव गुण देते, जेथे सैनिक तयारच होत नाहीत तेथे ती दर टर्नला एक गोल्ड खाण्यापलीकडे काही करीत नाही. सर्वाधिक प्रॉडक्शनच्या शहरातील बराक ठेवा आणि उरलेल्या पाच विकून टाका. एका टर्नमध्ये एका शहरातून एकच इमारत विकता येते, पण शहरे पाच असल्याने हे काम एकाच टर्नमध्ये उरकेल आणि चार गोल्डच्या तोट्याच्या जागी एक गोल्ड शिल्लक दिसू लागेल.