वेस्टर्नपटातले भाऊ आणि आपली भाऊबंदकी

जुन्या वेस्टर्न चित्रपटांना मराठी उपशीर्षकं लिहिणाऱ्या एकांनी विचारलंय : या चित्रपटांत जमिनीच्या वादातून गोळ्या झाडल्या जातात आणि बऱ्याचदा दोन्ही बाजूंना सख्खे भाऊ असतात. मग या प्रकाराला 'भाऊबंदकी' म्हणता येईल का? शिवाय 'गनफाइट'ला 'चकमक' बरं की 'गोळीबार'?

भाऊबंदकी बहुतेक ठिकाणी चालणार नाही. या शब्दात भाऊ दिसतो म्हणून आपण फसतो. त्याचा सगळा भार आहे हिश्शावर. भाऊबंद म्हणजे ज्यांचा एका मिळकतीत वाटा आहे ते, म्हणजे दायाद. मग ते सख्खे असोत, चुलत असोत की काका-पुतणे. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यात संशयाचं बोट सख्ख्या काकांकडे गेलं. खाडिलकरांनी त्यावर १९०९ मध्ये नाटक लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'भाऊबंदकी'. तिथे भांडणारे भाऊ नव्हते, तरी नाव चपखल बसलं. कारण गादी एक आणि हक्क सांगणारे घरचेच. वाटणी, खातेफोड, बांध कोरणं, विहिरीतल्या पाण्याची पाळी, हे सगळं या शब्दाच्या पोटात आहे.

आता वेस्टर्नकडे या. त्यातले भाऊ सहसा एकमेकांविरुद्ध नसतात, एका बाजूला असतात. 'शेन' (१९५३) घ्या. वायोमिंगच्या खोऱ्यात रायकर नावाचा गुरांचा बडा मालक आहे, त्याच्या जोडीला त्याचा भाऊ मॉर्गन. समोर आहेत स्टॅरेट आणि त्याच्यासारखे नव्याने वसलेले शेतकरी. रायकर मरतो तेव्हा वरच्या सज्जात बंदूक घेऊन दबा धरलेला असतो तो भाऊच. भाऊ भावासाठी उभा आहे, दोघांमध्ये वाटणीचा काडीचाही वाद नाही. अशा वेळी मराठीत शब्द आहे 'भावकी'. 'त्याची सगळी भावकी अंगावर आली' असं आपण म्हणतो, त्यात भांडण घरातलं नसून बाहेरच्याशी असतं. भावकी आणि भाऊबंदकी हे शब्द एकाच घरातले, पण तोंडं दोन दिशांना.

टूमस्टोनची प्रसिद्ध लढाई तर भावकीविरुद्ध भावकी. २६ ऑक्टोबर १८८१, अॅरिझोना. एकीकडे व्हर्जिल, वायट आणि मॉर्गन हे तीन अर्प बंधू आणि त्यांचा मित्र डॉक हॉलिडे. दुसरीकडे आइक आणि बिली क्लँटन, टॉम आणि फ्रँक मॅकलॉरी, म्हणजे भावांच्या दोन जोड्या. बिली आणि दोघे मॅकलॉरी तिथेच संपले, आइक निःशस्त्र होता, तो पळाला. (चित्रपटांनी ही लढाई 'ओके कोराल'च्या नावावर खपवली, प्रत्यक्षात ती त्या गोठ्याच्या आवारात नव्हे, जवळच्या एका फोटो स्टुडिओशेजारच्या मोकळ्या जागेत झाली.) हे वैर चोरीची गुरं, गावातली सत्ता आणि खुन्नस यांतून वाढलं, शेतजमिनीतून नाही. इथे भाऊबंदकी लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की अर्प आणि क्लँटन एकमेकांचे चुलत भाऊ.

जमिनीच्या भांडणाला मग काय म्हणायचं? आपल्याकडे नेमका शब्द आहे : वहिवाट. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने माणसाला १६० एकर सरकारी जमीन मिळू शकत होती. अट ही की पाच वर्षं तिथे राहायचं आणि ती कसायची. हे शेतकरी येण्याआधीपासून मोठे गुरेवाले त्याच सरकारी माळावर हजारोंनी गुरं चारत होते. त्या गुरेवाल्यांपैकी कुणाकडेच कागद नव्हता, पण 'इथे आमचीच गुरं चरतात' हे सगळ्यांना ठाऊक. हा वहिवाटीचा दावा झाला. 'शेन'मध्ये रायकर स्टॅरेटच्या अंगणात येऊन जे बोलतो ते कुठल्याही तहसील कचेरीत ऐकू येईल : आम्ही आलो तेव्हा इथे काही नव्हतं, आम्ही रक्त सांडून हा मुलूख राहण्याजोगा केला, आता तुम्ही कुंपणं घालून आमची गुरं पाण्यापासून तोडता, पाट काढून ओढा आटवता. स्टॅरेटचं उत्तर सरळ आहे : तुमच्याही आधी इथे लोक होते, आणि सरकार तुमच्यासारखा विचार करत नाही. एका बाजूला वहिवाट, दुसऱ्या बाजूला कागद. आपल्याकडे १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली आजही वहिवाटीच्या रस्त्याचे दावे चालतात, त्यामुळे हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. अर्थात दोघांच्याही आधी ज्यांची वहिवाट होती ते मूळ रहिवासी या भांडणात वादीही नाहीत आणि प्रतिवादीही. तो प्रश्न चित्रपट बोलता बोलता सोडून देतो.

'ओपन रेंज'साठी काही जण 'गायरान' लिहितात. मला ते खटकतं. गायरान गावाचं, त्यावर गरिबाची एक शेळीही चरते. तिकडच्या माळावर ज्याची गुरं जास्त आणि माणसं दांडगी, त्याची सत्ता. 'मोकळा माळ' किंवा 'खुलं कुरण' पुरे. आणि 'होमस्टेडर'ला 'कूळ' तर मुळीच म्हणू नका. कुळाच्या डोक्यावर जमीनमालक असतो, याच्या डोक्यावर फक्त सरकार.

भाऊबंदकी शोभेल असा वेस्टर्न नाहीच असं नाही. 'ब्रोकन लान्स' (१९५४) बघा. बाप गुरांचा राजा, थोरल्या बायकोची तीन मुलं, आणि चौथा ज्यो, आदिवासी बायकोचा. वरच्या तांब्याच्या खाणीमुळे ओढ्याचं पाणी नासतं, बाप खाणीवर चालून जातो, आणि बापाऐवजी तुरुंगात जातो ज्यो. तो सुटून येईपर्यंत जमीन सावत्र भावांच्या हातात गेलेली. ते त्याला दहा हजार डॉलर देऊ करतात, वर दूर ओरेगॉनमध्ये जमीन, म्हणजे 'हे घे आणि हिस्सा विसर'. ज्यो ते पैसे पिकदाणीत टाकतो. सावत्रपणा, वाटणी, हक्कसोड, सगळं आलं. या चित्रपटाखाली बेधडक भाऊबंदकी लिहा.

याउलट 'विंचेस्टर '७३' (१९५०) मध्ये भाऊ भावाचा पाठलाग करतो, पण कारण बापाचा खून. तिथे वाटा कुठेच नाही. ते वैर, सूड, हवं तर हाडवैर. भाऊबंदकी नव्हे.

आता दुसरा प्रश्न. 'गोळीबार' बहुधा एकतर्फी ऐकू येतो : पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. टूमस्टोनची लढाई जेमतेम अर्ध्या मिनिटाची, दोन्हीकडून गोळ्या. तिला 'चकमक' उत्तम. माणसं वाढली आणि कोण कुणावर झाडतंय हे कळेना, की 'धुमश्चक्री'. १८९२ मध्ये वायोमिंगच्या जॉन्सन काउंटीत गुरेवाल्यांच्या संघटनेने टेक्सासहून भाडोत्री बंदूकवाले आणले आणि नेट चॅम्पियन नावाच्या माणसाला त्याच्या लाकडी घरात दिवसभर कोंडलं. तो आत बसून वहीत टिपणं लिहीत राहिला. शेवटी घर पेटवून त्याला बाहेर काढून मारलं. त्याला चकमक म्हणणं म्हणजे मारणाऱ्यांची बाजू घेणं. तो 'वेढा', आणि शेवट 'खून'.

'ड्रॉ'साठी मात्र 'पिस्तूल उपसलं' लिहिण्याची घाई नको. 'शेन'मध्ये चिखलात उभा राहिलेला शेतकरी टॉरी पिस्तुलाला हात घालतो, पण ते पुरतं बाहेर काढत नाही. रायकरचा भाडोत्री बंदूकवाला विल्सन याचं केव्हाच रोखलेलं असतं. तो क्षणभर थांबतो, आणि मग झाडतो. मागाहून बचाव हाच की आधी हात टॉरीने घातला. म्हणून टॉरीसाठी 'हात घातला' आणि विल्सनसाठी 'उपसलं' अशी दोन क्रियापदं ठेवा.