डिजिटल चित्रासाठी एकाहून जास्त सॉफ्टवेअर वापरावीत का? एकातून दुसऱ्यात नेताना चित्र बिघडतं, त्याला काय करावं?

तुम्ही लिहिलंय की चित्र क्रिता या रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढता, मजकुरासाठी गिम्प या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेता, मग काही सुधारायचं राहिलं म्हणून पुन्हा क्रितात आणता. या ये-जा करण्यात लेयर्स (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) एक होऊन जातात, रंग मलूल होतात. म्हणून आता सगळं एकाच ठिकाणी करावं का, असा तुमचा प्रश्न.

मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं करते. तीन सॉफ्टवेअर नेहमीची, चौथं लागलं तर. तेव्हा एकालाच धरून राहा असं मी तरी सांगणार नाही. सॉफ्टवेअर दोन आहेत की पाच, याने फार बिघडत नाही. बिघडतं ते उलटं फिरल्याने. फाइल पुढच्या टप्प्यावर गेली की तिथून मागे आणायची नाही. चूक दिसली तर आधीच्या टप्प्यावरच्या मूळ फाइलमध्ये दुरुस्त करायची आणि तिथून नव्याने पुढे पाठवायची. दळलेल्या पिठाचे गहू होत नाहीत, तसंच सपाट झालेल्या, म्हणजे सगळे लेयर्स एक झालेल्या पीएनजी फाइलचं आहे.

गिम्प आणि क्रिता यांच्यात लेयर्ससकट फाइल न्यायचीच असेल तर ओपनरास्टर म्हणजे ओआरए हा प्रकार दोघांनाही कळतो. फोटोशॉपची पीएसडीही चालते, पण साधे रंगाचे लेयर्स नीट येतात, अक्षरं, इफेक्ट आणि फिल्टर यांचा भरवसा धरू नये. केआरए ही क्रिताची स्वतःची फाइल, मूळ म्हणून तीच जपायची. (गंमत म्हणजे केआरए ही आतून झिप फाइलच असते. क्रिता नसलेल्या संगणकावर फाइलच्या नावाचा शेवट बदलून झिप केला आणि उघडलं, तर आत सगळे लेयर्स एकत्र केलेली पीएनजी सापडते. घाईत कुणाला दाखवायचं असेल तर उपयोगी.)

आता मजकूर. मला वाटतं तुमचं खरं दुखणं इथे आहे. अक्षरं चित्राच्या फाइलमध्ये मुळात घालूच नका. रंगवायचं क्रितात, अक्षरं इंकस्केप या रेषा-आकारांच्या सॉफ्टवेअरमध्ये. इंकस्केपमध्ये चित्र आणताना ते 'एम्बेड' करू (आतच साठवू) की 'लिंक' (बाहेरच्या फाइलशी नुसतं जोडू) असं विचारतं, तिथे लिंक निवडा. मग क्रितातून त्याच नावाने पीएनजी पुन्हा काढली की इंकस्केपमधलं चित्र आपोआप नवं होतं, अक्षरं जागच्या जागी राहतात. फक्त दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर पेनड्राइव्हवर नेल्यावर चित्राच्या जागी नुसती रिकामी चौकट दिसेल. फ्रान्सचे चित्रकार डेव्हिड रेव्हॉय २०१४ पासून 'पेपर अँड कॅरट' ही वेबकॉमिक असंच करतात: चित्र क्रितात, फुग्यांमधला मजकूर वेगळ्या एसव्हीजी (इंकस्केपच्या प्रकारच्या) फाइलमध्ये, दर भाषेला आपली एक फाइल. चित्राला हात न लावता कुणीही भाषांतर करू शकतं. त्यांच्या मूळ फाइली खुल्या परवान्याखाली आहेत, उतरवून उघडून बघा. शिकवणीच्या दहा व्हिडिओंपेक्षा जास्त कळेल.

देवनागरीला आणखी एक भानगड आहे. प्रेसवाले तुम्हाला हमखास सांगतील, "कर्व्ह करून द्या". म्हणजे अक्षरांचे आकार करून द्या. ऐका त्यांचं. प्रेसच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला, किंवा तिथलं सॉफ्टवेअर जुनं असलं, तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागून पुढे जाते आणि जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसतं, तेही मुखपृष्ठावर. इंकस्केपमध्ये 'ऑब्जेक्ट टू पाथ' केलं की हा धोका संपतो. पण त्यानंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून आधी प्रत वेगळ्या नावाने ठेवा. संपादक शेवटच्या दिवशी ऱ्हस्व-दीर्घ बदलतात, हे गृहीत धरा. फॉन्टचं म्हणाल तर 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट मोफत आहेत, आणि मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी बघा. हिंदीच्या वळणाचा ल मराठी पुस्तकावर मला तरी खटकतो.

रंग मलूल होण्याची दोन वेगवेगळी कारणं असतात. स्क्रीनवरच, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा फोनवर मलूल दिसत असतील तर कलर प्रोफाइलचा, म्हणजे रंग कसे दाखवायचे ते सांगणाऱ्या फाइलमधल्या माहितीचा घोळ आहे. क्रितातून पीएनजी काढताना एसआरजीबीत (बहुतेक स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) बदलण्याचा पर्याय असतो, त्यावर टिचकी मारा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. छापल्यावर मलूल होत असतील तर तो छपाईच्या चार शाईंचा स्वभाव आहे. चमकदार निळा-जांभळा, पोपटी, झगझगीत केशरी हे स्क्रीनला जमतात, शाईला जमत नाहीत. क्रितात कंट्रोल आणि वाय दाबलं की छपाईत साधारण काय दिसेल ते दिसतं, सोबत शिफ्ट दाबलं तर हाताबाहेर गेलेले रंग वेगळे दाखवतं. रंगवताना अधूनमधून बघत राहा, शेवटी बघून उपयोग नाही.

छपाईचं असेल तर इंकस्केपच्या पुढे स्क्रायबस हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं, कारण इंकस्केपची पीडीएफ आरजीबीतच, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतच निघते. आरजीबीतला काळा छपाईसाठी बदलला की चारही शायांचा होतो, आणि प्लेटा केसभर सरकल्या तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात. स्क्रायबसमध्ये मजकुराला फक्त काळी शाई देता येते. पूर्वी त्यात देवनागरी नीट बसत नसे. २०२४ मध्ये आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीत बसते. आकाराचं पहिल्या दिवशीच ठरवा: ए४ ला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, आणि चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची कड) धरलं तर २५५१ गुणिले ३५७९. लहान काढून नंतर ताणू नका.

चौथं सॉफ्टवेअर म्हणजे ब्लेंडर, थ्रीडीचं. ते मी चित्र काढायला वापरत नाही. वाड्याचा चौक, सभोवतालचे खांब, वर सज्जा असं काही असेल तर साधे ठोकळे मांडते, कॅमेरा हवा तिथे ठेवते आणि त्या प्रतिमेवर क्रितात रेघा मारते. पर्स्पेक्टिव्हची डोकेदुखी वाचते. तुम्हाला सध्या याची गरज नाही.

लोकांना दाखवायची प्रत मात्र नेहमी वेगळी काढा. इन्स्टाग्रामसाठी रुंदी १०८० पिक्सेल पुरते; स्वतः लहान केलंत तर बारीक रेघा कशा दिसतात ते तुमच्या हातात राहतं. सपाट रंग आणि अक्षरं असतील तर पीएनजी, ब्रशचं काम भरपूर असेल तर जेपीईजी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एआयला आपली शैली उचलता येऊ नये म्हणून शिकागो विद्यापीठाचं ग्लेझ हे सॉफ्टवेअर २०२३ मध्ये आलं. वापरायचं तर याच प्रतीवर, मूळ फाइलवर कधीच नाही. सपाट रंगांवर त्याचे डाग जास्त दिसतात, आणि त्याला तोड काढणारं संशोधनही झालेलं आहे, तेव्हा मी तरी त्यावर फार विसंबत नाही.

तुमचं सध्याचं चित्र कदाचित वाचेल. क्रिता नेहमीच्या सेटिंगमध्ये सेव्ह करताना आधीची फाइल नावाच्या शेवटी नागमोडी रेघ (~) लावून बाजूला ठेवतं. त्याच फोल्डरमध्ये ती शोधा, तिची प्रत घ्या, प्रतीच्या नावातली ती रेघ काढा आणि उघडून लेयर्स आहेत का बघा. तोवर मूळ फाइल पुन्हा सेव्ह करू नका, नाहीतर ती जुनी प्रत पुसली जाईल.