इंटल मराठीत देवनागरी अंक का देते आणि हिंदीत का देत नाही?

आपण विचारले आहे की एकाच ब्राउझरमध्ये इंटलचे (जावास्क्रिप्टमधील, भाषेनुसार संख्या आणि तारखा मांडणाऱ्या सोयीचे) नंबरफॉरमॅट मराठीसाठी '१२,३४,५६७' असे देते, हिंदीसाठी मात्र इंग्रजी अंक देते. यात दोष कोणाचा? दोष कोणाचाच नाही.

जावास्क्रिप्टमधील इंटल हा केवळ वरचा पातळ थर आहे. क्रोमच्या व्ही८ इंजिनात त्याच्या खाली सी++ मधील जोडणी असते, ती आयसीयू या तयार कोडच्या संचाला (लायब्ररीला) हाक मारते, आणि आयसीयू आपली माहिती युनिकोडच्या सीएलडीआर या, भाषांच्या लेखनपद्धती नोंदवणाऱ्या भांडारातून घेते. त्या भांडारात वेगळे काही न सांगितल्यास वापरायची (डिफॉल्ट) अंकपद्धती मराठीसाठी देवनागरी नोंदलेली आहे, हिंदीसाठी लॅटिन, म्हणजे इंग्रजी अंकांची. मला ही नोंद मनापासून योग्य वाटते.

खरी अडचण परतीच्या वाटेवर येते. नागपुरात कळमन्याच्या एका संत्रा व्यापाऱ्यासाठी पावतीचे पान करताना मी रक्कम पडद्यावरून पुन्हा वाचली आणि नंबर('१२') चे उत्तर 'नॅन' (म्हणजे 'ही संख्या नाही') आले, कारण जावास्क्रिप्ट देवनागरी अंकांना संख्या मानत नाही, आणि इंटलमध्ये मजकुरावरून संख्या ओळखण्याची सोयच नाही. म्हणून मूळ संख्या वेगळ्या चलात जपावी आणि सजवलेला मजकूर फक्त दाखवण्यापुरता वापरावा. इंग्रजी अंकच हवे असतील तर नंबरिंगसिस्टिम हा पर्याय लॅटिनवर ठेवावा. लाख-कोटींचे स्वल्पविराम तसेच राहतात.

सर्व्हरवर नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीची) १३ पेक्षा जुनी आवृत्ती असल्यास तीही तपासा, कारण तिच्या नेहमीच्या बांधणीत फक्त इंग्रजीची माहिती असे.