निर्माती व्हायचंय? वही आधी उघड

अभिनयाच्या जोडीने नाटक-मालिकांच्या निर्मितीत उतरतेयस, मनापासून आनंद झाला. पण सुरुवात नाटकाने कर, मालिकेने नको. मालिकेत वाहिनीचे पैसे भाग दाखवल्यावर बऱ्याच उशिरा येतात. तोवर सेट, युनिट, कलाकार सगळं तुलाच पोसावं लागतं. नाटकात निदान प्रयोगागणिक गल्ला समोर दिसतो.

हिशेब स्वतः मांड. नाट्यगृहाचं भाडं, नटांची आणि पडद्यामागच्यांची नाइट (म्हणजे एका प्रयोगाचं मानधन), लेखकाचं मानधन, सेटचा टेम्पो, बस, पेपरातली जाहिरात. जाहिरात भल्याभल्यांना बुडवते. पडद्यामागच्यांची पाकिटं प्रयोग संपायच्या आत भरलेली हवीत, याला माझ्या लेखी तडजोड नाही. आणि नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय शुभारंभाची तारीख जाहीर करू नकोस.

अभिनेत्री मुक्ता बर्वेने मैत्रीण रसिका जोशीच्या नावाने निर्मितीसंस्था काढली आणि ‘कोडमंत्र’ नाटकात स्वतःही उभी राहिली. स्मिता तळवलकर दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या. अभिनय करता करता १९८९ साली त्यांनी ‘कळत नकळत’ हा चित्रपट काढला, पुढे ‘अवंतिका’ मालिका केली. अभिनय दोघींनीही सोडला नाही. तूही सोडू नकोस. फक्त स्वतःच्या नाटकातली स्वतःची नाइटसुद्धा खर्चात लिही, नाहीतर तोट्यातलं नाटक फायद्यात चाललंय असं वाटत राहील.