खडकांनी डार्विनला काय दिले?

प्रश्न : शाळेत उत्क्रांती आम्ही जीवशास्त्राच्या तासाला शिकवतो, पण डार्विनच्या चरित्रात भूगर्भशास्त्राचा उल्लेख वारंवार येतो. सजीवांविषयीच्या सिद्धान्तासाठी त्याला खडकांची गरज का भासली? आपल्याकडच्या काळ्या दगडावरून यातले काही विद्यार्थ्यांना दाखवता येईल का?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : डिसेंबर १८३१ मध्ये ‘बीगल’ जहाजावर चढलेल्या बावीस वर्षांच्या डार्विनचे लक्ष सजीवांइतकेच, किंबहुना अधिक, खडकांकडे होते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अ‍ॅडम सेजविक या भूगर्भशास्त्रज्ञाबरोबर तो उत्तर वेल्समध्ये हिंडून आला होता, आणि चार्ल्स लायेल यांच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ या ग्रंथाचा पहिला खंड, जो १८३० मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्याच्यासोबत जहाजावर होता. भूपृष्ठाची आजची रूपे पाऊस, नद्या, लाटा, ज्वालामुखी, भूकंप अशा आजही चालू असलेल्या क्रियांनीच घडली आहेत, फक्त त्यांना अपार काळ मिळाला आहे, असे लायेल यांचे प्रतिपादन होते. स्कॉटलंडच्या जेम्स हटन यांनी १७८८ मध्येच हा विचार मांडला होता. पृथ्वी जेमतेम सहा हजार वर्षांची आहे, असे मानणारे लोक तेव्हा युरोपात पुष्कळ होते, हे लक्षात घेतले म्हणजे या विचाराचे धाडस कळते.

जानेवारी १८३२ मध्ये केप व्हर्ड बेटांपैकी सँटियागो बेटावर डार्विनला समुद्रकिनाऱ्यावरील कड्यात शिंपल्यांनी भरलेला एक पांढरा, आडवा पट्टा दिसला. तो समुद्रसपाटीपासून सुमारे ४५ फूट उंचीवर होता आणि त्याच्यावर लाव्हाचा थर पसरलेला होता. शिंपले समुद्रतळाशी साचले, त्यांच्यावर लाव्हा वाहिला आणि मग सारा तळ वर उचलला गेला, एवढा इतिहास त्या एका पट्ट्यातून वाचता येत होता. शिवाय शिंपले बव्हंशी त्याच किनाऱ्यावर आजही राहणाऱ्या प्राण्यांचे होते. पुढे २० फेब्रुवारी १८३५ रोजी चिलीत मोठा भूकंप झाला. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप अनुभवलेल्या सातारकरांना धरणीकंप म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. परंतु चिलीत त्या वेळी किनाराच काही फुटांनी वर आला, आणि सांता मारिया बेटावर भरतीच्या रेषेपासून दहा फूट उंचीवर सडत पडलेले शिंपले आढळले. वालपराइझोजवळ १,३०० फुटांवर तसलेच शिंपले पाहिल्यावर, असे लहान लहान उचल असंख्य वेळा झाले असले पाहिजेत, हा निष्कर्ष डार्विनला टाळता येईना.

माझ्या मते त्याच्या सिद्धान्ताचे बीज या विचारपद्धतीत आहे. नैसर्गिक निवडीत, म्हणजे परिस्थितीला अधिक जुळणारे जीव टिकून वाढण्याच्या क्रियेत, प्रत्येक पिढीत होणारा फरक अगदी क्षुल्लक असतो. तो साचत जाऊन नवी जाती निर्माण होते, हे म्हणणे ज्याने डोंगर इंचाइंचाने वर येताना ओळखले त्यालाच सुचू शकते. आपली पुस्तके निम्मी लायेल यांच्या मेंदूतून आली, असे डार्विनने १८४४ मध्ये एका पत्रात मोकळेपणाने लिहिले. विशेष म्हणजे स्वतः लायेल यांनी आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात जाती बदलतात हे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांचे मत खोडून काढले होते, आणि डार्विनचे म्हणणे त्यांनी पुढे अनेक वर्षांनी, मोठ्या नाखुशीने मान्य केले.

काळाबरोबर खडकांनी जीवांचा क्रमही दिला. कालव्यांचे सर्वेक्षण करणाऱ्या विल्यम स्मिथ यांनी प्रत्येक थराचे जीवाश्म ठरलेले असतात हे ओळखून १८१५ मध्ये इंग्लंडचा भूगर्भीय नकाशा तयार केला. तर प्राणी समूळ नष्ट होतात हे पॅरिसचे प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी मॅमथच्या हाडांवरून १७९६ मध्येच दाखवले होते. ते स्वतः मात्र उत्क्रांतीच्या विरोधात राहिले. अर्जेंटिनातल्या पुंता आल्ता येथे १८३२ मध्ये डार्विनने प्रचंड सस्तन प्राण्यांची हाडे खणून काढली. त्यांचे नातलग वाटावेत असे आर्माडिलो आणि स्लॉथ त्याच खंडात आजही राहतात. नष्ट झालेले आणि जिवंत असलेले प्राणी एकाच प्रदेशात इतके सारखे का असावेत, हा प्रश्न पुढे त्याची पाठ सोडत नव्हता.

आता आपल्या काळ्या दगडाविषयी. तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरांवर थर पसरलेल्या लाव्हाचा आहे. साताऱ्याच्या परिसरातील घाटरस्त्यांच्या कापणीत दोन काळ्या थरांमध्ये तांबडा, मातकट पट्टा अनेक ठिकाणी दिसतो. खालचा थर थंड होऊन, ऊनपावसात झिजून त्याची माती झाली आणि त्यानंतर वरचा लाव्हा आला. म्हणजे तो पट्टा दोन उद्रेकांमधल्या दीर्घ शांततेची खूण आहे. विद्यार्थ्यांना काळाची कल्पना देण्यासाठी याहून उत्तम जागा मला माहीत नाही. जीवांचा क्रम मात्र या थरांत शोधू नये; तापलेल्या लाव्हात जीवाश्म टिकत नाहीत. ते मिळतात दोन थरांच्या मध्ये तळ्यांत साचलेल्या गाळात. मुंबईत वरळीच्या टेकडीत सापडलेले बेडकांचे जीवाश्म अशाच गाळातले आहेत.

प्रश्न : डार्विनने आपल्या ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात दिलेला ३० कोटी वर्षांचा आकडा नंतर का काढून टाकला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दक्षिण इंग्लंडमधील वील्ड या प्रदेशावरचे खडक झिजून जायला किती काळ लागला असेल, याचा तो अंदाज होता. ५०० फूट उंचीचा कडा शतकाला एक इंच या वेगाने मागे हटतो, असे डार्विनने गृहीत धरले होते. १८५९ च्या पहिल्या आवृत्तीतल्या या गणितावर टीका झाली, आणि १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ते गाळले. टीका रास्त होती, कारण त्या भागातला खडूचा दगडच १० कोटी वर्षांहून जुना नाही हे आज आपल्याला माहीत आहे.

यानंतर विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८६२ मध्ये पृथ्वी थंड होण्याच्या वेगावरून तिचे वय २ ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान ठरवले आणि पुढे ते आणखी कमी केले. डार्विनला ही अडचण अखेरपर्यंत सलत राहिली. किरणोत्सर्गाचा शोध १८९६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी लागला, आणि त्यावर आधारलेल्या मोजणीतून १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे दाखवले.