तासाला वाजलेला फोन

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. आम्ही भांडुपला राहतो, शाळा मुलुंडला, साडेबारा ते सहा. मी फोर्टला नोकरी करते, घरी सासूबाई असतात. लेक एकटी लोकलने ये-जा करते म्हणून तिला फोन दिलाय. रोज सव्वातीनला मधल्या सुट्टीत 'डबा खाल्लास का' विचारायला मी फोन करते. सोमवारी मला मीटिंग होती म्हणून दहा मिनिटं आधी केला, तो विज्ञानाच्या तासाला वाजला. बाईंनी फोन काढून घेतला, सगळ्यांसमोर ओरडल्या. लेक काही बोललीच नाही, नुसती उभी राहिली. आता म्हणतात, फोन वर्ष संपल्यावर मिळेल. शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करू का?
— एक आई, भांडुप

ताई, तक्रार राहू द्या. 'लेक काही बोललीच नाही' हे वाक्य तुम्ही लिहून टाकलंत आणि पुढे गेलात. मला तिथून पुढे जाता येत नाहीये.

'आईचा फोन होता.' तीन शब्दांत तिची सुटका झाली असती. नववीतल्या पोरीने अख्ख्या वर्गासमोर बोलणी खाल्ली, पण तुमचं नाव पुढे केलं नाही. आणि तुम्ही विचारताय, शाळेचं काय करू?

उद्याच्या उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाका. लेकीला बरोबर घेऊन शाळेत जा आणि तिच्या देखत बाईंना सांगा, 'तासाला फोन मी केला होता. चूक माझी आहे, तिची नाही.' हे फोनवर किंवा चिठ्ठीतून सांगायचं नाही. तिने ऐकायला हवं.

मग मुख्याध्यापिकांच्या नावाने अर्ज द्या. दोन प्रती काढा, एकीवर कार्यालयाची पोच घ्या. घडलं ते चार ओळींत लिहा आणि फोन पालकाच्या ताब्यात मागा. वर्षभर फोन ठेवणं जास्तच आहे, तेही नम्रपणे लिहा. शाळांमधल्या स्मार्टफोनबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ साली मार्गदर्शक सूत्रं दिली. सरसकट बंदी नको, पण वर्गात वापर नको. नियम मोडला तर ठरावीक मुदतीपुरता फोन काढून घेता येईल, शिक्षा अवाजवी कडक नको, असं त्यात आहे. ती सूत्रं दिल्लीतल्या प्रकरणातली आहेत, तुमच्या शाळेला बांधील नाहीत. पण 'किती दिवस, ते ठरवून सांगा' असं म्हणायला आधार पुरेसा आहे.

फोन हातात आला की सव्वातीनचा कॉल बंद. कायमचा. लेकीने डबा खाल्ला की नाही, ते रात्री डबा उघडल्यावर दिसतंच. त्या एका कॉलपायी तिचा फोन दुपारभर चालू राहतो आणि तिचा एक कान दप्तराकडे लागलेला असतो. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालात म्हटलंय की लक्ष एकदा उडालं की पुन्हा अभ्यासात लागायला मुलांना २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणजे तासातलं उरतं काय?

तिला फोन लागतो तो सहानंतर. म्हणून स्मार्टफोन घरी ठेवा आणि साधा बटणांचा फोन द्या. शाळा कार्यालयात जमा करून घेत असेल तर उत्तम. फोनवर *#०६# दाबा, १५ अंकी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक येईल, तो तुमच्याकडे लिहून ठेवा; मागे कागदी पट्टीवर तिचं नाव आणि तुकडी चिकटवा. फोन पूर्ण बंद करूनच द्यायचा. सायलेंटवरही अलार्म वाजतो, व्हायब्रेटवर बाकाच्या कप्प्यात तो घरघरतो आणि शेजारच्या तीन बाकांना ऐकू जातो. बटणांच्या कित्येक फोनमध्ये तर फोन बंद असतानाही अलार्म वाजतो, म्हणून लावलेले सगळे अलार्म आधी काढून टाका. दिवसा तातडीचं काही असलं तर शाळेच्या कार्यालयात फोन करा, शिपाई वर्गात निरोप देईल.

आता भीतीचं. ती मला कळते, लोकलने येणाऱ्या लेकीची काळजी खोटी नसते. पण २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या थांबल्या, आणि नेमके त्याच दिवशी मोबाइल लागत नव्हते. म्हणून फोन लागला नाही तर काय करायचं, ते आजच ठरवा. गाड्या बंद झाल्या तर शाळेतून हलायचं नाही. स्टेशनवर अडकली तर मुलुंडमधल्या कुठल्या घरी जायचं, ते एक घर नक्की करा, त्या घरच्यांना सांगून ठेवा आणि एका रविवारी शाळेतून तिथपर्यंत तिला चालत नेऊन आणा. तुमचा, आजीचा आणि त्या घरचा असे तीन नंबर तोंडपाठ हवेत, फोनमध्ये साठवलेले चालणार नाहीत. जेवताना अधूनमधून विचारा, अडखळली तर पुन्हा म्हणून घ्या. तातडीच्या मदतीचा ११२ आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही तिला माहीत असू दे.

आणि एक कॉल ठेवा, तो तिने करायचा. सव्वासहाला, मुलुंडच्या फलाटावरून, 'गाडीत बसतेय' एवढाच. तो मात्र मीटिंग चालू असली तरी उचला.