किशोरवयीनांसाठी पहिली कादंबरी आली आहे, नाशिकमध्ये प्रसिद्धी कशी करू?

आधी शाळांमध्ये वाचन घ्या, प्रकाशन समारंभ नंतर. १२ ते १६ वयाची मुलं भाषणं ऐकायला सभागृहात फारशी येत नाहीत. वर्गात मात्र चाळीसेक जण एकदम भेटतात. मुख्याध्यापकांना पत्रासोबत एक प्रत द्या आणि मराठीचा तास मागा. वाचन दहाच मिनिटं, भरपूर संवाद असलेलं प्रकरण, आणि पेच सुटायच्या आत थांबा. गोदाघाटावरचा प्रसंग असेल तर तोच निवडा, रामकुंडाचं नाव निघालं की मागचा बाकही मान वर करतो! त्या दिवशी मुलांच्या खिशात पैसे नसतात, म्हणून किंमत आणि दुकानाचं नाव छापलेला बुकमार्क प्रत्येकाच्या हातात द्या, तो घरी पोचतो. सार्वजनिक वाचनालयातही एक प्रत द्या. फक्त सहामाही आणि वार्षिक परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे टाळा.